माज आणि वैरण

"साहेब, गाईनं वैरण सोडलीय." नोकरीतल्या बहुतेक सकाळी याच वाक्यानं सुरू झाल्या. सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. जनावर का खात नाही, हे शोधणं हेच तिथलं रोजचं काम. ताप, अपचन, पोटफुगी, गोचीडताप, चाऱ्यातून पोटात गेलेली तार ही कारणं कुठल्याही पशुवैद्याला तोंडपाठ असतात. पण आणखी एक कारण आहे आणि ते आजार नव्हे, म्हणून निदानाच्या वेळी ते मागे राहतं. जनावर माजावर आलेलं असतं.

माळशिरस तालुक्यातल्या एका वस्तीवरची दुसऱ्या वेताची संकरित गाय आठवते. मालकानं पहाटेच ओवा, सुंठ, काळं मीठ आणि गूळ असा काढा पाजला होता. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वर खायचा सोडाही दिला होता. मी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली. दोन मिनिटांत तीनदा पोटाची लाट मुठीला जाणवली, म्हणजे पोट व्यवस्थित चालू होतं. शेण नेहमीचं, नाकपुडी ओलसर. गव्हाणीत मक्याची कुट्टी मात्र तशीच पडलेली आणि गाय कान टवकारून वाटेकडे बघत उभी. शेपूट उचललं तेव्हा उलगडा झाला. गोंड्याच्या वरच्या केसांना वाळलेला सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, चिकटला होता आणि खाली ताजा, स्वच्छ, तार धरणारा सोट लोंबत होता.

मालकाला म्हटलं, "दादा, हिला काही झालेलं नाही. माजावर आहे. संध्याकाळी भरवून घेऊ." त्याचा विश्वास बसेना. भूक लागायचं इंजेक्शन द्याच, असा त्याचा आग्रह. मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा निरोप आला की गाय खायला लागली.

महाविद्यालयात पचनसंस्था एका पुस्तकात होती आणि प्रजनन दुसऱ्या. गाईचं ऋतुचक्र २१ दिवसांचं, माज बारा ते अठरा तासांचा, हे पाठ होतं. या दोन पुस्तकांमधला रस्ता मला गोठ्यांत सापडला आणि त्याची कारणं पुढे वाचनातून कळत गेली.

माजाच्या आधीच्या दिवसांत बीजांडावर एक पुटिका वाढत असते. तिच्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तात येतं आणि माजाच्या सुमारास त्याची पातळी सर्वांत वर जाते. गाईला बेचैन करणारं, दुसऱ्या गाईंवर उड्या मारायला लावणारं आणि सोट पातळ करणारं संप्रेरक तेच. मेंदूतल्या भूक आणि तृप्तीच्या यंत्रणेवरही त्याचाच हात चालतो. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या मादी उंदरांवर हे फार बारकाईनं तपासलं गेलं आहे. त्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. माजाच्या रात्री ती मादी फिरत्या चाकावर खूप धावते आणि खाते कमी, हे १९२०च्या दशकापासूनच नोंदवलं जाऊ लागलं. बीजांडं काढून टाकली की तिचं खाणं वाढतं आणि काही आठवडे वजन चढत जातं. इस्ट्रोजेन परत दिलं की खाणं पुन्हा खाली येतं. मला यातली एक गोष्ट विशेष वाटली. मादी कमी वेळा जेवते असं होत नाही. तिचं एकेक जेवण आखूड होतं. आतड्यातून निघणारं कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक 'आता पुरे' असा निरोप मेंदूला देतं आणि इस्ट्रोजेनमुळे तो निरोप जास्त जोरात पोचतो.

गाईच्या बाबतीत यात धावपळीची भर पडते. एरवी दिवसाला सात-आठ तास रवंथ करणाऱ्या गाईचा रवंथ माजाच्या दिवशी पाच-सहा हिश्श्यांतला एक हिस्सा तरी कमी होतो आणि चालणं दुपटी-तिपटीनं वाढतं. मोठ्या गोठ्यांत आता गळ्यात पट्टे बांधून हेच मोजतात. पट्ट्यानं रवंथ घटल्याची आणि पावलं वाढल्याची नोंद दिली की कामगाराला मोबाईलवर सूचना जाते. अमेरिकेत मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या कालवडींना मेलेंजेस्ट्रॉल अॅसिटेट नावाचा प्रोजेस्टेरॉनसारखा घटक खाद्यातून देतात, म्हणजे त्या माजावर येतच नाहीत आणि त्या दिवसांचं खाणं बुडत नाही. माजाच्या एका दिवसाच्या खाण्याला तिथल्या व्यापारात किती किंमत आहे, हे यावरून कळतं.

आमच्याकडे मात्र हे पट्ट्याविना ओळखणारी माणसं होती आणि त्यांतल्या बहुतेक बायका होत्या. सांगोल्याकडच्या एका मावशींकडे दोन पंढरपुरी म्हशी होत्या. म्हशीचा माज मुका. ती गाईसारखी हंबरत नाही, उड्या मारत नाही, बऱ्याचदा रात्रीच माजावर येते आणि सकाळपर्यंत खुणा ओसरतात. उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. एक माज चुकला की २१ दिवस गेले आणि तेवढे दिवस वेत पुढे ढकललं गेलं. या मावशी भर उन्हाळ्यात म्हैस घेऊन दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आज भरवायची हाय." सोट दिसत नव्हता, म्हैस शांत उभी होती. विचारलं, "कशावरून म्हणताय, मावशी?"

"रातीची वैरण निम्मी राहिलीय बघा. सकाळी आंबोणात तोंड घातलं नि काढून घेतलं. दूधबी चोरलं. ह्या म्हशीचं असंच असतंय, मला ठावं हाय."

हात घालून तपासलं. गर्भाशयाची शिंगं ताठर लागली आणि एका बीजांडावर पुटिका बोटाला लागली. मावशींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ती म्हैस त्याच रेतनाला गाभण राहिली.

माझ्या कामाला इथून वळण लागलं. तोवर 'खात नाही' ही मी तक्रार म्हणून ऐकत होतो, तेव्हापासून खूण म्हणून ऐकू लागलो. वस्तीवर गेलो की सकाळी गव्हाण कोण झाडतं हे आधी विचारायचो आणि त्या माणसाशी बोलायचो. बहुतेक घरांत ती घरची बाई असायची आणि डॉक्टरशी बोलायला पुढे यायचे पुरुष. किती वैरण शिल्लक राहिली, आंबोण किती वेळात संपलं, धारेला पान्हा लवकर आला की नाही, याचा तिच्याकडे जो हिशेब असे तो कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हता. कृत्रिम रेतनाच्या प्रशिक्षणांना या बायकांना बोलवलं पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणत आलो आणि आजही म्हणतो.

नराची तऱ्हा वेगळी. पैदाशीच्या उस्मानाबादी बोकडांचे मालक पावसाळ्याच्या तोंडावर हमखास यायचे. बोकड खात नाही, बरगड्या दिसायला लागल्या, जंत झालेत का बघा. बोकडाच्या दाढीला आणि पुढच्या पायांना स्वतःच्याच मुताचा उग्र दर्प, वरचा ओठ मुरडलेला, डोळे सगळे शेळ्यांकडे. लेंड्या तपासल्या तर जंत बेताचेच. समोर शेळ्या माजावर असताना तो चाऱ्याकडे बघतच नाही. टेस्टोस्टेरॉन भरात असताना अनेक जातींच्या नरांचं असंच होतं. स्कॉटलंडच्या रम बेटावरच्या लाल हरणांचा अनेक दशकं अभ्यास झाला आहे. तिथले नर शरद ऋतूतल्या मिलनाच्या काळात जवळपास खाणंच सोडतात आणि काहींचं वजन पाचव्या हिश्श्यानं उतरतं. मदात आलेला हत्ती आणि माजावरचा उंटही असेच खंगतात. राजस्थानातले उंटवाले त्या दिवसांत उंटाचं अंग उतरणार हे धरूनच चालतात.

बोकडाला मी औषध देत नसे. सकाळी शेळ्यांत सोडण्याआधी त्याला वेगळं बांधून खाऊ घाला, दिवसाला दोन शेळ्यांच्या वर दाखवू नका, रात्री शेळ्या दिसणार नाहीत अशा आडोशाला ठेवा आणि हंगामाच्या महिनाभर आधीपासून खुराक सुरू करा, एवढंच सांगत असे. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हंगामात खाणं कमी होणारच, तेव्हा अंग आधीच भरलेलं असावं लागतं. धनगरांना हे शिकवावं लागत नाही. मेंढा कधी पोसायचा आणि कधी कळपात सोडायचा, हे त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे.

इथवर माज भुकेला दाबतो हे कळलं होतं. उलट बाजू दुष्काळानं दाखवली.

२०१२-१३च्या दुष्काळात माण-खटाव भागातल्या चारा छावण्यांमध्ये माझी पाळी असे. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो हिरवा चारा असं प्रमाण होतं आणि हिरवा चारा म्हणजे मुख्यतः उसाचं वाढं. जनावर त्यावर जगतं. पण वाढ्यात प्रथिनं फार कमी आणि त्यातलं ऑक्सॅलेट अंगातलं कॅल्शियमही बांधून टाकतं. पत्र्याच्या आणि शेडनेटच्या सावलीत शेकडो गाई रांगेनं बांधलेल्या असायच्या. लसीकरण, खरचटलेल्या जखमा, विषबाधा अशी कामं चालू होती. काही आठवडे गेल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी चरकलो. एवढ्या गाई एका जागी असूनही माजाचं हंबरणं कुठेच ऐकू येत नव्हतं. रेतनाच्या कांड्या कंटेनरमधल्या नायट्रोजनमध्ये तशाच पडून होत्या. तपासलेल्या गाईंची बीजांडं लहान आणि गुळगुळीत लागत होती. वाढती पुटिका नाही की पिवळा पिंड नाही.

शरीरात शिल्लक ऊर्जा नसेल तर मेंदूतला हायपोथॅलॅमस बीजांडाकडे जाणारा संदेशच मंदावतो. संदेश नाही तर पुटिका वाढत नाही, इस्ट्रोजेन नाही, माज नाही. अमेरिकेतल्या जिल श्नायडर यांनी सीरियन हॅमस्टर या लहान प्राण्यावर यासंबंधी सुंदर काम केलं आहे. भरपूर खायला असलेली मादी पिंजऱ्यात नराकडे जाते. तिचं अन्न काही दिवस थोडंसं कमी केलं की ती नराला सोडून अन्न गोळा करत बसते. माजाच्या दिवशी मात्र ती अर्धपोटी असली तरी नरालाच पसंती देते. म्हणजे अन्न आणि जोडीदार यांत निवड करायची वेळ आली की संप्रेरकं तराजूच्या दांडीला हात लावतात, आणि उपासमार फार झाली की माजच येत नाही. छावणीतली शांतता ही त्या निवडीची होती.

जूनमध्ये पाऊस झाला, छावण्या उठल्या, जनावरं घरी गेली. बांधावर गवत आलं. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दवाखान्यासमोर रेतनासाठी रांग लागली. त्या काळात रात्री उशिरा आलेल्या फोनलाही मी कधी नाही म्हटलं नाही. ज्या शेतकऱ्यांनी छावणीतच थोडी पेंड आणि खनिज मिश्रण आपल्या पैशांनी घातलं होतं, त्यांच्या गाई आधी माजावर आल्या. भाकड जनावराला पेंड घालणं हा वायफळ खर्च, असं मानणाऱ्यांना मी तेव्हापासून हेच उदाहरण देतो.

सगळ्यांत जास्त गाई मात्र मी दुसऱ्याच एका काळात गमावलेल्या पाहिल्या. तो काळ म्हणजे वेण्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन. गाभणकाळाच्या अखेरीस वारेतून तयार होणारं इस्ट्रोजेन झपाट्यानं चढतं. वासरू पोटावर दाबत असतं, शरीराची वेण्याची तयारी चालू असते आणि याच वेळी गाईचं खाणं सुमारे एकतृतीयांशानं उतरतं. माजाच्या दिवसाची घट उद्या भरून निघते, ही भरून निघत नाही. वेल्याबरोबर संकरित गाय वीस-पंचवीस लिटरची धार द्यायला लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या चरबीतून काढते. चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही आणि रक्तात कीटोन साचतात. तोंडाजवळ गेलं की श्वासाला गोडसर अॅसिटोनचा वास येतो. गाय पेंड टाकते, कडबा तेवढा चघळते, भिंत चाटत राहते आणि दिवसागणिक वाळते.

अशी गाय वाचवायला शिरेतून ग्लुकोज आणि तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल द्यावं लागतं. बहुतेक वाचतात. पण उपचारावर गेलेला पैसा, बुडालेलं दूध आणि लांबलेला पुढचा माज यांचा फटका लहान शेतकऱ्याला वर्षभर पुरतो. फलटणजवळच्या एका गोठ्यात असे तीन प्रसंग लागोपाठ झाले. तिथे आटवलेल्या गाईला फक्त कडबा घालत, दूध नाही तर खुराक कशाला, या हिशेबानं. आम्ही शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवत नेला, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं ताजं घालायला लावलं आणि वेण्याच्या वेळी गाय फार लठ्ठही असणार नाही याकडे लक्ष दिलं. लठ्ठ गाय वेताच्या सुमारास आणखी कमी खाते. त्या गोठ्यात पुढच्या वेतांना हा आजार मला दिसला नाही.

कोंबड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. खुडूक झालेली कोंबडी दिवसातून जेमतेम एकदा उठते, घाईनं चार दाणे टिपते आणि परत अंड्यांवर बसते. यात प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाचा मुख्य भाग असतो. शेरी, म्रोसोव्स्की आणि होगन या संशोधकांनी १९८० मध्ये रानकोंबड्यांवर केलेल्या कामात दाखवलं की शेजारी दाणे ठेवले तरी ती वजन घटू देते, कारण त्या काळापुरतं शरीरानं वजनाचं लक्ष्यच खाली आणलेलं असतं. घरोघरी खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवून काढतात. अंडी उबवायची असतील तर तसं करू नये. ती उपाशी मरत नाही.

निवृत्तीनंतर पुण्यात एका दवाखान्यात कुत्र्या-मांजरांचं काम बघायला लागलो आणि प्रश्न उलटा झाला. इथे लोक विचारत, "डॉक्टर, ऑपरेशनपासून ही सारखी खायला मागते." बीजांडं काढली की खाण्यावरचा इस्ट्रोजेनचा लगाम जातो आणि शरीराची ऊर्जेची गरज मात्र कमी होते. भूक वर, गरज खाली. मांजरांत हा बदल काही दिवसांतच दिसतो. खेड्यातल्या बैलाची गोष्ट आठवून मला हे लवकर समजलं. खिल्लार खोंडाची मान आणि वशिंड भरल्यावरच त्याला खच्ची करायचं, ही शेतकऱ्यांची रीत होती, कारण स्नायू टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर भरतात आणि खच्ची केल्यावर खाल्लेलं चरबीकडे जास्त वळतं. बैल शेजारच्या गाईच्या माजानं विचलित न होता शांतपणे खात राहतो.

ऑपरेशनच्या दिवशीच मी घरच्यांना मोजमापाचं भांडं दाखवतो आणि खाणं साधारण पाव हिश्शानं कमी करायला सांगतो. वजन दर महिन्याला करायचं. शस्त्रक्रिया टाळायची म्हणून माज थांबवणारी प्रोजेस्टेरॉनच्या जातीची इंजेक्शनं काही लोक स्वतःच आणून टोचतात, ते मला अजिबात मान्य नाही. त्यांनी भूक आणि वजन वाढतं, ही त्यातली किरकोळ बाब. गर्भाशयात पू होणं, स्तनाच्या गाठी आणि मधुमेह हे धोके त्यामागे येतात. शस्त्रक्रिया करून घ्या आणि ताट आवरा, हाच माझा सल्ला.

गोठेवाल्यांना एवढंच सांगायचं आहे. गोठ्याच्या भिंतीला एक कॅलेंडर टांगा आणि प्रत्येक जनावराचा माज, रेतन आणि वेण्याची तारीख त्यावर लिहा. गव्हाण झाडणाऱ्या माणसाला रोज शिल्लक वैरणीबद्दल विचारा. जनावरानं वैरण सोडली तर औषध आणायच्या आधी कॅलेंडर बघा, शेपूट उचलून बघा, ताप बघा. मागचा माज १८ ते २४ दिवसांपूर्वी झाला असेल, ताप नसेल आणि सोट दिसत असेल, तर रेतनाची वेळ साधा. पण माजामुळे कमी झालेलं खाणं एका दिवसात पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीही जनावर खात नसेल, रवंथ बंद असेल, किंवा गाय वेण्याला तीन आठवड्यांच्या आत आली असेल, तर वाट बघू नका. त्याच सकाळी डॉक्टरला बोलवा.